कॅटलोनियातल्या चेटकिणी: तो फॉरवर्ड अर्धा खोटाय

"कॅटलोनियात चर्चच्या इन्क्विझिशनने शेकडो चेटकिणी जिवंत जाळल्या" असा मेसेज दोनतीन ग्रुपवर आला म्हणून लिहितोय. (कॅटलोनिया म्हणजे स्पेनचा एक भाग, आणि इन्क्विझिशन म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांची चौकशी करणारं चर्चचं कोर्ट.) बायका मेल्या हे खरंय, शेकड्यांनीच, पण तिथे बहुतेकींना फाशी दिली, आणि दिली ती गावच्या कोर्टांनी. विलाद्राऊसारख्या छोट्या गावात 1618 ते 1622 मध्ये 14 बायका लटकवल्या. उलट इन्क्विझिशनवाले अशा आरोपांच्या खरेपणाबद्दलच जास्त शंका घ्यायचे (म्हणजे ते लय दयाळू होते असं नाही हां).

आता कारण काय, तर गारपीट! पीक झोपलं, पोरगं दगावलं की बोट कुणाकडे, तर एखाद्या म्हाताऱ्या विधवेकडे नायतर औषधपाला देणारीकडे. दारावर कार्लिना नावाचं सुकं काटेरी फूल ठोकायचे, का तर चेटकीण आली की त्याचे केस मोजत बसणार आणि मोजून होईपर्यंत उजाडणार, हे मला भारी वाटलं. सेंट सिल्व्हेस्टरच्या रात्री, म्हणजे 31 डिसेंबरला, पेद्राफोर्का डोंगरावर त्यांची सभा भरते अशीही समजूत.

अजून एक, 2022 मध्ये "कोर्टाने निर्दोष सोडलं" असंही त्यात लिहिलंय. कोर्ट नाही ओ, कॅटलान पार्लमेंटने ठराव केला.