निबंधावरचा राग आणि रक्ताची कुपी

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांत जामीन दिला आणि रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली. महाराष्ट्र पेटला तो या निबंधावर. निषेध म्हणून निबंधस्पर्धा भरली, भलत्याच तरुणाच्या रॅपचा व्हिडिओ ‘हाच तो’ म्हणून फिरला. इथे ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपांवरही फाशीच्या खालची मागणी कुणाला पटेना.

राग रास्तच होता. पण तो भलत्या जागी खर्च झाला.

त्या रात्रीचा खरा प्रश्न रक्ताचा होता. शरीरातलं मद्य दर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरतं. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराचा, ससून या सरकारी रुग्णालयात नमुना घेतला सकाळी अकराच्या सुमारास. साडेआठ तास गेले. १५ चा दर धरला तरी सव्वाशेहून जास्त मिलिग्रॅम उतरतात, आणि आपल्या कायद्याची मर्यादा ३० ची आहे. म्हणजे धडकेच्या वेळी दीडशेला असलेला माणूस अकरा वाजता निर्दोष ठरू शकतो. पुढचं त्याहून गंभीर. पोलिसांच्या आरोपानुसार तो नमुना कचऱ्यात गेला आणि दुसऱ्याचंच रक्त तपासणीला पाठवलं. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळेना, तेव्हा हे उघडकीला आलं आणि डॉक्टरांना अटक झाली.

ब्रिटनमध्ये याच टप्प्यावर कायदा काटेकोर आहे. सबळ कारणाशिवाय नमुना द्यायला नकार देणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. घेतलेल्या रक्ताचे दोन भाग होतात आणि चालकाने मागितला तर एक त्याला मिळतो, म्हणजे पोलिसांच्या कुपीवर आक्षेप असेल तर पडताळा घेता येतो. आपल्याकडे मागायचं ते असलं काहीतरी : प्राणघातक अपघातात पहिल्या दोन तासांत रक्त, सुई टोचण्याआधी स्पिरिट न वापरता त्वचेची सफाई, सोडियम फ्लोराइड घातलेली कुपी (नाहीतर रक्तातलं मद्य साठवणीत बदलतं), सील, आणि कुपी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दरवेळी वेळेसह सही. यावर मोर्चा निघत नाही. निघायला हवा.

ओरडण्याने काहीच झालं नाही असं नाही. तीन दिवसांत मंडळाने आदेश फिरवून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. पण २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ती रवानगी बेकायदा ठरवून त्याला सोडलं. त्याला प्रौढ मानून खटला चालवण्याची मागणीही जुलै २०२५ मध्ये मंडळाने नाकारली. त्यात धक्का बसण्यासारखं थोडंच होतं : प्रौढ म्हणून खटला फक्त ‘निर्घृण’ गुन्ह्यात चालवता येतो, आणि किमान सात वर्षांची शिक्षा नसलेला गुन्हा बाल न्याय कायद्याच्या अर्थाने ‘निर्घृण’ धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलं होतं. ज्यांनी ‘प्रौढ म्हणून चालवा’ असं लिहिलं, त्यांतल्या किती जणांनी कलम उघडून पाहिलं?

इथली, ब्रिटनमधली माणसं जात्याच शहाणी आहेत म्हणून हे सांगत नाही. ब्रिस्टलमध्ये २०१०च्या डिसेंबरात एका तरुणीचा खून झाला, तेव्हा तिच्या निर्दोष घरमालकाला त्याच्या केसांवरून आणि राहणीवरून वृत्तपत्रांनी खुनी करून टाकलं. फरक पुढे पडला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल ‘डेली मिरर’ला ५० हजार आणि ‘सन’ला १८ हजार पौंड दंड झाला, कारण १९८१च्या कायद्याप्रमाणे अटक झाल्यापासून खटल्याला बाधा येईल असं छापणं हाच गुन्हा आहे. आपल्याकडे अल्पवयीन आरोपीची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची बंदी आहे, दोन लाखांपर्यंत दंड आहे, पण फॉरवर्ड करणाऱ्याला ते आठवत नाही. पीडितांच्या नावांचं आणि फोटोंचंही तेच होतं.

परदेशातून करता येण्यासारखं एक काम आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर महाराष्ट्राच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पासपोर्ट ब्रिटिश झाला असेल तर हा हक्क जातो. मग तिकडच्या भावाबहिणीला अर्ज लिहून द्यावा. ‘असं का झालं’ विचारलं तर उत्तर टाळलं जातं, नोंदी मागाव्या लागतात. नावं मागू नयेत, खासगी माहितीच्या कारणाने अर्ज फेटाळला जातो. प्रश्न असा : गेल्या वर्षभरात आपल्या रुग्णालयात पोलिसांनी आणलेल्या प्राणघातक अपघातांतल्या प्रत्येक चालकाच्या बाबतीत अपघाताची नोंदवलेली वेळ, रक्त घेतल्याची वेळ आणि नमुना प्रयोगशाळेला सुपूर्द केल्याची तारीख द्यावी.