पॉवर उतरली म्हणजे फायनल गेले, असे नसते

हॅम मंडळींमध्ये (हौशी रेडिओवाल्यांमध्ये) एक सल्ला हातोहात फिरतो आहे. सारांशाने तो असा: १०० वॅटची रिग (रेडिओ संच) ४० वॅटवर आली की फायनल ट्रान्झिस्टर (अँटेनाला पॉवर देणारे शेवटचे ट्रान्झिस्टर) गेले समजा. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा आकडा; १ म्हणजे काहीच नाही) १.५ दिसत असेल तर अँटेनाकडे बघायचे कारण नाही. शेजारचा दुसरा अँटेना या रेडिओला जोडलेला नाही, तेव्हा त्याचा संबंध येत नाही. फारच अडले तर ट्यूनर (रिग आणि अँटेना यांचा मेळ घालणारी पेटी) लावा, नाहीतर रिगच्या आतला पॉवरचा पॉट (फिरवायचा छोटा रेझिस्टर) थोडा फिरवा. हा सल्ला ऐकून लोक चांगल्या रिग उघडतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

"फायनल गेले"

ट्रान्झिस्टरच्या रिगमध्ये परत येणाऱ्या पॉवरवर नजर ठेवणारे सर्किट असते. एसडब्ल्यूआर साधारण २ च्या पुढे गेला की ते ड्राइव्ह (फायनलला मिळणारा सिग्नल) कमी करू लागते आणि ३ च्या आसपास पॉवर चांगलीच खाली येते. म्हणजे ४० वॅट दाखवणारी रिग पूर्ण धडधाकट असू शकते. ती फक्त स्वतःला जपते आहे.

निवाडा करायला ५० ओहमचा, तेवढी पॉवर सोसणारा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) लागतो. तोच पॉवर सप्लाय, तोच बँड, मोड सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एफएम, म्हणजे पॉवर स्थिर राहते. एसएसबीवर (आवाजाबरोबर पॉवर वरखाली होणाऱ्या मोडवर) बोलून मोजू नका. सरासरी दाखवणारा मीटर बोलताना १०० वॅटच्या रिगलाही २०-३० वॅटच दाखवतो. डमी लोडवर पूर्ण पॉवर मिळाली तर दोष अँटेना सॉकेटच्या पलीकडे आहे.

"एसडब्ल्यूआर १.५ आहे, अँटेना ठीक"

मीटर रिगजवळ असतो, अँटेनाजवळ नाही. कोॲक्समध्ये (रिगपासून अँटेनापर्यंतच्या केबलमध्ये) ३ डीबी लॉस असेल, म्हणजे निम्मी पॉवर वाटेत जात असेल, आणि वरचा अँटेना पार तुटलेला असेल, तर लाट जाताना ३ आणि येताना ३ डीबी गमावते. मीटर ३ दाखवतो. लॉस ६ डीबी असेल तर तोच मीटर १.७ दाखवेल, आणि वर अँटेना नाहीच! पाणी शिरलेल्या कोॲक्सवर एसडब्ल्यूआर छान दिसतो तो यामुळेच.

शिवाय १.५ ला फक्त ४ टक्के पॉवर परत येते. तेवढ्यावर रिग पॉवर कापत नाही. तेव्हा १.५ असूनही पॉवर पडत असेल, तर तो आकडा कोणत्या क्षणी घेतला हे आधी विचारा.

"शेजारचा अँटेना जोडलेला नाही"

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हा आहे. धातूची लांबी त्या फ्रिक्वेन्सीला जुळली की तिच्यात करंट वाहतो; ती कोणत्या रेडिओला जोडली आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल (मधोमध केबल जोडलेला तारेचा अँटेना) २१ मेगाहर्ट्झच्या आसपासही रेझोनंट असतो, म्हणजे तिथेही त्याची लांबी जुळते. त्यामुळे १५ मीटर बँडच्या (२१ मेगाहर्ट्झच्या) अँटेनाजवळ ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झचा) डायपोल टांगला की पहिल्याचा इम्पिडन्स (रिगला दिसणारे ओहम) सरकतो, आणि काल बरी चालणारी रिग आज पॉवर कापते.

तपासणी सोपी आहे. ५ वॅटवर कॅरियर (नुसती, आवाजाविना लाट) द्या. दुसऱ्या अँटेनाच्या कोॲक्सचे खालचे टोक रेडिओपासून सोडवा. आधी उघडे ठेवा, मग शॉर्ट करा, मग ५० ओहमवर बंद करा. प्रत्येक वेळी एसडब्ल्यूआर लिहून ठेवा. आकडा हलला तर दोन अँटेना तारेने नसले तरी हवेतून एकमेकांशी जोडलेले आहेत. मग अंतर वाढवा, एक दुसऱ्याला काटकोनात घ्या, दोन्ही फीडपॉइंटवर (केबल अँटेनाला जोडते तिथे) करंट चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा भाग) बसवा.

दुसरा रेडिओही त्याच वेळी प्रसारण करत असेल तर प्रकरण आणखी वेगळे. त्याचे १०० वॅट १० डीबीने घटून तुमच्या अँटेनात आले तरी १० वॅट होतात. तुमच्या रिगला ती "परत आलेली" पॉवर वाटते, एसडब्ल्यूआर जवळजवळ २ दिसतो आणि पॉवर उतरते. शेजारी गप्प असताना मोजले तर सगळे ठीक! इथे बँडपास फिल्टर (फक्त आपला बँड जाऊ देणारा) लागतो. ७ मेगाहर्ट्झच्या रिगला १४ मेगाहर्ट्झवाला छळत असेल तर पाव तरंगलांबीचा, टोकाला शॉर्ट केलेला स्टबही (लाइनला समांतर जोडलेला कोॲक्सचा तुकडा) बराच आधार देतो, ०.६६ व्हेलॉसिटी फॅक्टरच्या (ज्यात लाट प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाने जाते अशा) कोॲक्सचा तो सुमारे ७ मीटर भरतो. ७ ला तो जणू नसतोच, १४ ला शॉर्ट होतो.

"ट्यूनर लावा"

ट्यूनर रिगला ५० ओहम दाखवतो, एवढेच. त्याच्यापुढच्या कोॲक्सवरचा एसडब्ल्यूआर आणि लॉस तसाच राहतो, कोॲक्सच्या बाहेरून खोलीत येणारा आरएफही (रेडिओ लहरींचा करंट) तसाच. हा आरएफ पॉवर सप्लायच्या रेग्युलेटरमध्ये शिरला तरी व्होल्टेज ढासळते आणि पॉवर पडते. ट्रान्समिट करताना रिगच्या टोकाशी १३.८ व्होल्ट टिकतात का, ते मीटर लावून बघा.

"आतला पॉट फिरवा"

कृपा करून नको. तो पॉट फिरवला की संरक्षण उशिरा जागे होते आणि वाईट लोडवर फायनल खरोखर जातात. रिग उघडण्याची वेळ डमी लोडवरही पॉवर कमी आली तरच येते. तेव्हाही सगळे बँड फिरवून पाहा: एकाच बँडवर पॉवर पडत असेल तर फायनलआधी त्या बँडचा लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) आणि त्याचा रिले (तो फिल्टर जोडणारा विजेचा स्विच) तपासा.