मिठाची ओढ आणि 'थोडं वाचत जा'

कर्ट रिक्टर या अमेरिकी शास्त्रज्ञावरच्या माझ्या लेखावर एका वाचकांनी चार वाक्यांत निकाल दिला आहे. रिक्टर म्हणजे उंदीर बुडवणारा माणूस, शरीराला हवं असलेलं मीठ जीभच शोधते हा त्याचा चवीचा दावा १९५० मध्ये फाफमन आणि बेअर या संशोधकांनी खोडला, जनावराची मिठाची ओढ ही निव्वळ सवय, आणि शेवटी, "लिहिण्याआधी थोडं वाचत जा."

शेवटच्या वाक्याचं आधी बोलतो, कारण ते लागलं. मतभेद असू द्या, त्यासाठीच प्रतिक्रिया खुल्या ठेवल्या आहेत. पण समोरच्यानं काय वाचलंय, काय पाहिलंय हे न विचारता त्याला पोरासारखं दटावायचं, ही कुठली रीत? मी माणदेशातला. पशुधन पर्यवेक्षक म्हणून सगळी नोकरी खिलार जनावरांच्या गोठ्यांत गेली. गोठ्याची भिंत चाटणारी, दुसरीचं मूत चाटायला मान लांबवणारी गाय मी पाहिली आहे. आंबोणात मीठ पडू लागलं की तीच गाय भिंत सोडते, हेही पाहिलं आहे. आपण किती गोठ्यांत उभे राहिलात?

आता 'निव्वळ सवय'. १९३६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या रिक्टरनं उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी) काढल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. या ग्रंथी गेल्या की मिठातलं सोडियम लघवीवाटे वाहून जातं आणि नेहमीच्या खाण्यावर उंदीर दगावतो. रिक्टरनं पिंजऱ्यात साध्या पाण्याशेजारी मिठाचं पाणी ठेवलं. उंदीर ते भरपूर पिऊ लागले आणि जगले. पुढे त्यानं चवीच्या नसाच कापल्या. मिठाचं पाणी समोर असूनही ते उंदीर जास्त पिईनात, आणि मेले. जीव वाचवणारी निवड जिभेवरून होत होती, हे याहून स्पष्ट कसं दाखवायचं?

आणि मीठ प्यायला उंदीर शिकतो म्हणावं, तर नंतरच्या संशोधकांनी तेही तपासलं आहे. ज्याला पूर्वी कधी सोडियमची उणीव झालेली नाही, असा उंदीरसुद्धा पहिल्याच उणिवेत मीठ समोर येताच त्यावर तुटून पडतो. मिठानं बरं वाटतं हे शरीराला कळायच्या आत तो पीत असतो. सवय लागायला वेळ कुठे मिळाला?

१९४० मध्ये विल्किन्स आणि रिक्टर यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. तो बिस्किटांवरचं मीठ चाटून घ्यायचा, नुसतं मीठ खायचा. इस्पितळात त्याला नेहमीचा आहार सुरू झाला, मीठ हाती लागेना, आणि आठवडाभरात तो गेला. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी बिघडलेल्या निघाल्या. त्या पोराला आपण वाईट सवय लागलेला म्हणणार का? मी हे वाचलं तेव्हा रात्रभर झोपलो नव्हतो. त्यानंतर मीठ मागणाऱ्या जनावराला खोडकर म्हणणाऱ्या मालकाशी मी दर वेळी भांडलो आहे.

एक गोष्ट मान्य करतो. थायमिनसारख्या (ब१) जीवनसत्त्वाच्या बाबतीत उंदीर अनुभवानं शिकतो. ज्या खाण्यानं आजारपण आलं ते टाळतो, नव्याकडे वळतो. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांचं काम त्याबद्दलच आहे. शरीराची प्रत्येक गरज जीभ उपजत ओळखते असं नाही, इथवर आपण बरोबर. पण मिठाला ते लावू नका.

फाफमन आणि बेअर यांनी नसेतले संदेश मोजून दाखवलं ते इतकंच, की ग्रंथी काढलेल्या उंदराची चवीची नस अधिक तीक्ष्ण होत नाही. ओढ नसतेच असं ते म्हणालेले नाहीत. तो विषय वेगळा आहे, इथे त्यात शिरत नाही.

राहिला बुडवण्याचा प्रयोग, म्हणजे उंदीर पाण्यात सोडून ते किती वेळ तग धरतात हे रिक्टरनं पाहिलं तो. तो त्याच्या १९५७ च्या लेखातला. माझा लेख आहार आणि चवीवर होता. व्हॉट्सॲपवर 'आशेवर साठ तास पोहणारे उंदीर' सतत फिरत असतात. रिक्टरची आपली ओळख तिथलीच दिसते, आणि तेवढ्यावर त्याचं उरलेलं काम आपण निकालात काढलंत याचा मला राग आहे.

नसा कापल्यावर ते उंदीर मीठ का पिईनासे झाले, याचं आपलं स्पष्टीकरण सविस्तर लिहून पाठवा. स्वतंत्र लेख म्हणून लावीन, एक शब्दही कापणार नाही. मात्र पुन्हा 'वाचत जा' असं आलं, तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.