सुट्टे नाहीत

काटकसर मुंबईबाहेर सोपी असावी. तिथे म्हणे माणसाला काही हवं असलं की तो उठून बाजारात जातो. इथे बाजार आपल्याला न्यायला येतो. माझं ऑफिस दादर पश्चिमेला. स्टेशन गाठायचं तर रानडे रोड लागतोच, आणि रानडे रोड म्हणजे गाऊन, गजरे, गाळण्या आणि गाजराची फुलं कापून दाखवणारा तो एक माणूस. तो अशा सफाईने गाजर सोलतो की आपल्या घरच्या सोलाण्याची लाज वाटावी. (तेच यंत्र घरी आणलं की फक्त बोट सोलतं.)

त्यात फोन. परवा आमटीवर घालायला कोथिंबीर नव्हती. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या एका ॲपवर जुडी वीस रुपयांना, आणून द्यायचे तीस. १९९च्या वर घेतलं तर ते तीस माफ. मग तीस रुपये वाचवायला फरसाण घेतलं, भांडी घासायचे स्पंज घेतले, तरी थोडे कमी पडत होते म्हणून कोथिंबिरीची आणखी एक जुडी. सासूबाईंनी पिशवीत डोकावून एवढंच म्हटलं, "आमचा भाजीवाला फुकट द्यायचा हो." त्यांचा महिन्याचा हिशेब अजून कालनिर्णयच्या चौकोनांत मावतो. दुधाचे खाडे, पेपरवाल्याचं बिल, संपलं.

२०१६ साली यूपीआय आलं, त्याआधी पैसे जाताना निदान पर्सची चेन तरी उघडावी लागायची. वाटेतले सगळे अडथळे काढून टाकल्यावर पैसा थांबणार कशाला? म्हणून मी एक अडथळा परत आणून ठेवला. फोनमधून यूपीआय काढलं आणि पर्समध्ये फक्त पाचशेच्या नोटा ठेवल्या.

काय सांगू, जादू झाली. या शहरात कुणाकडेही सुट्टे नाहीत! गजरेवालीकडे नाहीत, गाजरवाल्याकडे नाहीत. पाचशेची नोट पुढे केली की माणसं असा चेहरा करतात जणू आपण त्यांच्याकडे किडनी मागितली. "स्कॅन करा ना मॅडम." "यूपीआय नाही." यावर तो आपल्याकडे जी करुणेची नजर टाकतो, ती सोसायची तयारी हवी. बाकी बचतच बचत.

हिंदमाताला मात्र हे चाललं नाही. तिथल्या साडीवाल्याला पाचशेच्या नोटा फार आवडतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांच्या लबाड्यांची यादी काढली. एकूण १३ प्रकार. 'शेवटचे दोनच नग' अशी खोटी घाई लावणं त्यात आहे, 'नको' म्हणणाऱ्याला खजील करणं आहे. ही यादी करणाऱ्या साहेबांनी एक दुपार हिंदमाताला गादीवर बसून काढली असती तर चौदावा प्रकारही मिळाला असता. "घेऊ नका हो, नुसतं बघायला काय पैसे पडतात?" असं म्हणत तो घडीमागून घडी मोडत जातो. आपण नको नको म्हणतो, तो पदर अंगावर टाकून दाखवतो. चहा येतो. साड्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला की त्यांच्या घड्या घालणाऱ्या पोऱ्याकडे आपली नजर जाते, आणि मग रिकाम्या हाताने उठायची हिंमत ज्या बाईत असेल तिला माझा साष्टांग नमस्कार. मी तो रस्ताच सोडला. लग्नाचे अहेर आता पाकिटातून.

उरला लेडीज डबा. रेल्वे कायद्याचं कलम १४४ गाडीत परवान्याशिवाय माल विकायला बंदी करतं. पण पोलीस दिसले की कानातल्यांचा हँगर बायकाच आपल्या ओढणीखाली घेतात, तिथे कलम काय करणार? आमच्या मुलुंडच्या गाडीला एक क्लिपवाली येते. तिचा प्लॅस्टिकचा डबा डोक्यांवरून हातोहात फिरतो. आत जाताना भरलेला असतो, परत येताना त्यात नोटा असतात आणि हिशेब चुकत नाही. मी एक मोत्यांची क्लिप हातात घेऊन निरखली आणि सवयीने पाचशेची नोट काढली.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "उद्या द्या."

"उद्या मी दुसऱ्या गाडीला असले तर?"

"मी सगळ्याच गाड्यांना असते."

तिने कमरेची वही काढून लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं: 'चष्मेवाली, मुलुंड, ४०.' खाली बरीच जागा सोडली होती.

घरी सासूबाईंनी क्लिप उलटसुलट करून पाहिली, दात मोजले, स्प्रिंग दाबली. किंमत विचारली. उधारीवर आणली हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे पैसे गेलेच नाहीत? मग उद्या मला पण एक आण. काळी."