‘एसएसडी गेली, नवी घ्या’ : फसलेल्या विंडोजवरच्या फिरत्या सल्ल्याला उत्तर

लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकताना मध्येच गाडं अडलं की काय करायचं, याचा एक सल्ला व्हॉट्सॲपवर आणि मिनिटभराच्या व्हिडिओंमधून थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्याचा गाभा असा : सेटअपला ड्राइव्ह दिसला नाही तर एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, मेली, नवी घ्या. पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांची, तक्रार आली तर शिफ्ट आणि एफ १० दाबून डिस्कपार्ट हे तुकडे पाडण्याचं साधन उघडा आणि ‘क्लीन’ मारा. तरी अडलं तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट (खात्रीच्याच सॉफ्टवेअरला सुरू होऊ देणारी सोय) बंद, लेगसी (सुरू होण्याची जुनी पद्धत) चालू, टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) क्लिअर. एवढं करून एरर आलाच तर रॅम किंवा मदरबोर्ड खराब. रीसेट, म्हणजे विंडोज आतूनच पुन्हा नवी करणं, अर्धवट राहिलं तरी हार्डवेअरच. विंडोज चढली की नवी की (परवान्याचा क्रमांक) घ्या, आणि वायफाय दिसलं नाही तर कार्ड बदला.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कधी ना कधी कुठल्या तरी लॅपटॉपवर खरं ठरलेलं असतं, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण क्रम उलटा आहे. जे महागडं किंवा परत न फिरणारं, ते आधी. ज्याला दमडी लागत नाही, ते नाहीच. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला, ‘ड्राइव्ह दिसत नाही म्हणजे एसएसडी मेली’. हा सगळ्यात जास्त पैसे घालवणारा गैरसमज. विंडोज कुठे टाकायची हे विचारणाऱ्या पडद्यावर यादी कोरी असते आणि एकही ड्राइव्ह सापडला नाही, ड्रायव्हर (हार्डवेअर कसं चालवायचं ते विंडोजला सांगणारी फाइल) द्या, अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. ती ओळ शेवटपर्यंत वाचली तर निम्मं काम होतं, कारण सेटअप ड्रायव्हर मागतंय, डिस्क नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० च्या अखेरीस बाजारात आलेल्या लॅपटॉपपासून पुढे, अनेक कंपन्या व्हीएमडी नावाची सोय चालू ठेवूनच माल विकतात. व्हीएमडीमुळे एसएसडी थेट न दिसता इंटेलच्या कंट्रोलरच्या आडून दिसते. त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टकडून सेटअप उतरवून बनवलेल्या साध्या पेनड्राइव्हवर बहुतेकदा नसतो. कंपनीने कारखान्यात टाकलेल्या विंडोजमध्ये तो असतो, म्हणून कालपर्यंत सगळं सुरळीत चाललेलं असतं.

एसएसडी जिवंत आहे की नाही हे बघायला लागतात दोन मिनिटं. बायोसमध्ये जा आणि माहितीच्या पानावर एसएसडीचं मॉडेल आणि क्षमता दिसते का बघा. दिसली, तर ‘मेली’ म्हणायला काहीच आधार नाही. मग दोन वाटा. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर आपलं नेमकं मॉडेल टाकून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमधल्या ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवा. इथे एक मेख आहे. उतरवलेली फाइल इन्स्टॉलर असेल तर ती तशीच ठेवून उपयोग नाही. सेटअपला आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर लागतं, तेव्हा आधी ती दुसऱ्या संगणकावर उलगडून घ्यावी लागते. नीट जमलं की यादीत व्हीएमडी कंट्रोलरचं नाव येतं, ते निवडलं की डिस्क समोर.

दुसरी वाट बायोसमध्येच व्हीएमडी बंद करण्याची. एसरच्या अनेक मॉडेलमध्ये हा पर्याय लपवलेला असतो आणि मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्याशिवाय दिसत नाही. कोणी ठरवलं असेल हे, देव जाणे. ही वाट जुनी विंडोज पुसायचीच आहे अशा वेळी बरी. जुनी ठेवायची असेल तर व्हीएमडी बंद केल्यावर ती बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा निळा पडदा दाखवील. घाबरून लगेच फॉरमॅट मारू नका. सेटिंग पुन्हा होतं तसं केलं की ती बहुधा पूर्ववत उठते.

खरोखर गेलेली एसएसडी असतेच की. ती बायोसमध्येही दिसत नाही, किंवा दिसते पण कंपनीच्या स्वतःच्या तपासणीत नापास होते. ही तपासणी विंडोजविना चालते : एचपीमध्ये सुरू करताना एफ २, डेलमध्ये एफ १२ दाबून डायग्नोस्टिक्स. ती न करता नवी एसएसडी बसवली तर बहुतेकदा होतं एवढंच की व्हीएमडी चालूच असल्यामुळे नव्या एसएसडीलाही सेटअप ओळखत नाही. मग संशय मदरबोर्डवर जातो आणि बिल आणखी वाढतं.

दुसरा मुद्दा ‘क्लीन’चा. माझ्या मते या अख्ख्या सल्ल्यातला हा सर्वांत घातक भाग. आपल्याकडे एकाच डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडून द्यायची जुनी पद्धत आहे. त्यातून एक समज पक्का बसला आहे की फॉरमॅट सीचा मारायचा, डीवरचे फोटो सुरक्षित. सेटअपमध्ये फक्त सी निवडून फॉरमॅट केला तर ते खरंही आहे. पण ‘क्लीन’ला सी-डी कळत नाही. ते अख्ख्या डिस्कचा पार्टिशन तक्ता पुसतं, खात्रीचा प्रश्नसुद्धा न विचारता. आणि दोन डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये ‘डिस्क ०’ म्हणजे आपल्याला वाटते तीच असेल याचीही हमी नाही. क्लीन मारून झालंच असेल तर तिथेच थांबा. त्यावर नवी विंडोज चढवली नसेल तर टेस्टडिस्कसारख्या साधनाने जुना तक्ता सापडण्याची शक्यता असते; चढवली की ती झपाट्याने मावळते.

बरं, ज्या तक्रारीवर हा उपाय सांगतात ती असते काय? डिस्क एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची आहे, ईएफआय (म्हणजे यूईएफआय, लॅपटॉप सुरू होण्याची नवी पद्धत) यंत्रणेला नवी जीपीटी लागते. किंवा बरोबर उलट : डिस्क जीपीटी आहे, म्हणून चालणार नाही. हा दुसरा निरोप आला असेल तर दोष डिस्कचा नाहीच. पेनड्राइव्ह लेगसी पद्धतीने सुरू झालेला आहे, इतकंच. लेगसी चालू असलेल्या लॅपटॉपच्या बूट मेनूत (कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीत) एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला. बंद करून पुन्हा सुरू करा, यूईएफआयवाला निवडा, तक्रार संपली.

डिस्क खरंच एमबीआर असेल, आणि जुन्या लॅपटॉपवर ती असू शकते, तरी पुसायची गरज बहुधा पडत नाही. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आत आहे. ते आतला डेटा न हलवता पद्धत बदलतं. आधी ‘व्हॅलिडेट’ करून बघायचं, मग ‘कन्व्हर्ट’. अडचण एकच : डिस्कवर एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन (एमबीआरमधले तुकड्याच्या आतले तुकडे) असेल तर ते नकार देतं, आणि जुन्या डी, ई बऱ्याचदा लॉजिकलच असतात. तेव्हा मात्र उबुंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेनड्राइव्हवरून, काही न बसवता नुसतं ‘ट्राय’ करून, फोटो-कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावीत. क्लीनची वेळ त्यानंतरची.

तिसरा, बायोसमधली तोडफोड. सिक्युअर बूट बंद करण्यात अर्धं सत्य आहे. रूफस नावाच्या साधनाने एनटीएफएस या फाइली ठेवण्याच्या पद्धतीने बनवलेला जुना पेनड्राइव्ह सिक्युअर बूटमुळे अडू शकतो, तेव्हा तेवढ्यापुरतं ते बंद करणं चालतं. पण मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेला पेनड्राइव्ह सिक्युअर बूट चालू असताना सरळ सुरू होतो. लेगसीचं म्हणाल तर विंडोज ११ ला यूईएफआय लागतंच. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर लेगसीत परत जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

टीपीएम क्लिअर मात्र थट्टा नव्हे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने टाकलेल्या विंडोजवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप, बहुतेक लॅपटॉपवर आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. अनेक लॅपटॉपवर ते त्याआधीही होतं. कुलूप उघडण्याची किल्ली टीपीएममध्ये राहते. टीपीएम पुसलं किंवा सिक्युअर बूटशी खेळलं की पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खातं आपलं असेल तर फोनवरून उघडून बघता येतं. खातं दुकानदाराने घाईत उघडून दिलेलं असेल आणि त्याचा ईमेलच कोणाला आठवत नसेल, तर डीवरच्या फोटोंसकट सगळं गेलं. दुकानदार काय, मायक्रोसॉफ्टचा सपोर्टही हरवलेली की काढून देऊ शकत नाही. उबुंटूची वर सांगितलेली युक्तीही इथे त्या कीशिवाय चालत नाही. म्हणून बायोसला हात लावण्याआधी ही की सापडते का ते बघणं, हे या सल्ल्यात पहिलं वाक्य असायला हवं होतं. ते कुठेच नाही.

चौथा, ‘एरर आला म्हणजे रॅम किंवा मदरबोर्ड’. फाइली कॉपी होताना मध्येच ८००७०५७० ने संपणारा कोड येतो, त्याचा अर्थ फाइल खराब आहे किंवा वाचता येत नाही. संशयितांची रांग अशी लावावी : उतरवलेली आयएसओ फाइल (अख्खा सेटअप एकाच फाइलमध्ये), पेनड्राइव्ह, यूएसबी पोर्ट, आणि मग रॅम. आयएसओ नीट उतरली का ते विंडोजमधल्याच सर्टयूटिलच्या हॅशफाइल आज्ञेने एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा ठसा, काढून मायक्रोसॉफ्टने दिलेल्या आकड्याशी ताडता येतं. पेनड्राइव्हचं तर विचारू नका. वर ६४ जीबी छापलेलं आणि आत त्याच्या पावपट जागा, असे नकली पेनड्राइव्ह बाजारात सर्रास मिळतात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन ते उघडं पाडतं. हाताने फाइली कॉपी करून पेनड्राइव्ह बनवणाऱ्यांची वेगळी गंमत. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही, आणि हल्लीच्या आयएसओतली इन्स्टॉल डब्ल्यूआयएम फाइल त्याहून मोठी असते.

‘पेनड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपवर चालला, म्हणजे तो ठीक’ हेही नेहमी ऐकू येतं. त्यावर नुसता बूट झाला असेल तर त्यातून शेवटची फाइल वाचता येते हे सिद्ध होत नाही. मीडिया ड्रायव्हर हवा असं सांगणारा निरोप तर चक्क दिशाभूल करतो : ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावून बघा किंवा पुन्हा बनवा, बहुधा तिथेच सुटतं. यातलं काहीच लागू पडलं नाही, तर रात्रभर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं साधन लावून ठेवा. त्यात लाल ओळी आल्या तर रॅमवाले बरोबर.

‘रीसेट अर्धवट राहिलं म्हणजे हार्डवेअर’ हे २०२५ मध्ये दोनदा सपशेल खोटं ठरलं. ऑगस्टमधल्या सुरक्षा अपडेटने विंडोज १० वर आणि विंडोज ११ च्या २२एच२, २३एच२ वर रीसेटच मोडलं. मायक्रोसॉफ्टला १९ ऑगस्टला वेगळं अपडेट काढून ते दुरुस्त करावं लागलं. मग ऑक्टोबरच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या रिकव्हरी पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले, ते २० ऑक्टोबरच्या अपडेटने परत आले. त्याच ऑगस्टमध्ये अपडेटमुळे एसएसडी मरतात अशीही आवई उठली होती. एसएसडीचे कंट्रोलर बनवणाऱ्या फायसन कंपनीने ४,५०० तासांहून अधिक चाचण्या केल्या, तसं काही घडवून दाखवता आलं नाही. मायक्रोसॉफ्टलाही संबंध सापडला नाही. आवई मात्र अजून फिरतेच आहे.

नवी की? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच (बायोस जिथे असतं तिथेच) की कोरलेली असते आणि सेटअप ती स्वतः वाचतं. ॲक्टिव्हेशन अडतं ते बहुतेकदा आवृत्ती चुकल्यामुळे. आपल्याकडचे कितीतरी लॅपटॉप होम सिंगल लँग्वेजचे असतात, आणि दुकानात त्यावर प्रो ‘मारून’ मिळते. कोरलेली की प्रोला चालत नाही. होम सिंगल लँग्वेज टाकली की इंटरनेटला जोडताच ती आपोआप ॲक्टिव्ह होते. चार-पाचशे रुपयांच्या ऑनलाइन की घेऊ नयेत हे वेगळं सांगायला नको. त्या बऱ्याचदा दुसऱ्याच कोणाच्या परवान्यातल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात.

राहिलं वायफाय. नव्या विंडोजमध्ये त्या चिपचा ड्रायव्हर नसतो, एवढंच ते असतं. टचपॅड सेटअपमध्ये हलत नाही, त्यामागचं कारणही सहसा हेच. साधा यूएसबी माउस लावून काम भागतं. पण विंडोज ११ होम इंटरनेटशिवाय पुढेच जाऊ देत नाही, तेव्हा अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलने देण्याची सोय) चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. डेस्कटॉप आल्यावर विंडोज अपडेट चालवलं की वायफायचा ड्रायव्हर बहुतेक वेळा तिथूनच येतो, मग केबल काढली तरी चालतं.