पर्फ्यूमचा 'गेम' : हे मशीन नाही हो, गाणंच आहे

"ह्यांना गाता येत नाही म्हणून आवाजाला मशीन लावलंय." पर्फ्यूम या तीन जपानी गायिकांच्या गटाची गाणी घरात लावली की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. आज सविस्तर लिहिते, कारण 'गेम' हा अल्बम माझ्या फार जवळचा आहे.

आ-चान, काशियुका आणि नोच्ची, तिघी हिरोशिमाच्या. 2000 साली सुरू झालेला हा गट. गाण्या-नाचण्याच्या शाळेत लहानपणापासून तयार झालेल्या या मुली. मोकळ्या गळ्यानं, भाव ओतून गायचं हीच त्यांची तालीम. 2003 मध्ये टोकियोला आल्या आणि निर्माता यासुताका नाकातानं सांगितलं, भाव घालू नका, सपाट गा. जे शिकण्यात बालपण गेलं तेच बाजूला ठेवायचं! किती जड गेलं असेल. येत नव्हतं म्हणून नाही, येत होतं ते आवरून त्या गायल्या आहेत. 'गेम' ऐकताना मला ते आवरणं ऐकू येतं.

यशही लगेच आलं नाही. 2005 मध्ये मोठ्या कंपनीकडून पहिलं गाणं आलं, पण पहिला स्टुडिओ अल्बम निघायला 16 एप्रिल 2008 उजाडला. तो 'गेम'. ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या खपाच्या, यादीत थेट पहिला! यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी बँडनंतर 25 वर्षांनी टेक्नोपॉपचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरच्या पॉपचा, अल्बम तिथे पोचला होता.

आता अल्बममधलं पहिलंच गाणं घ्या, 'पॉलिरिदम'. पुनर्वापराचा प्रचार करणाऱ्या जाहिरातीत ते वाजलं आणि घराघरांत गेलं. गाणं मस्त चाललेलं असतं आणि मध्येच सीडी अडकल्यासारखं होतं. 'पो-रि-रि-झु-मु' एवढाच शब्द पुन्हा पुन्हा. हा भाग कापा असा कंपनीचा आग्रह होता, नाकाता बधला नाही. बरं झालं! जपानी उच्चारात या शब्दाच्या मात्रा पाच, खालचा ठेका मात्र चाराचा. शब्द दर वेळी ठेक्यावरून थोडा पुढे सरकतो. मी लहानपणी तबला शिकले आहे, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. तरी दोनदा हुकले. तिसऱ्यांदा मोजणं सोडलं, नुसती वाट पाहिली, आणि सगळं एकदम जुळून मुखडा परत आला. सम सापडल्यावर तोंडून जी दाद जाते, तीच गेली. वस्तू फिरून पुन्हा कामाला येते हे सांगणारं गाणं स्वतःच असं फिरून येतं.

'चॉकलेट डिस्को'बद्दल काय सांगायचं, ते सगळ्यांनाच आवडतं. 'टेक मी टेक मी' मला आजही रिकामं वाटतं, मी ते गाळते.

पण ज्यांना यांचं गाणं मशीनचं वाटतं त्यांनी सहावं गाणं ऐका, 'माकारोनी'. दोघांनी रमतगमत चालावं तशी लय, खाली मऊ बेस आणि वर त्याच सपाट आवाजात प्रेमाचं गाणं. कुठे हुंदका नाही, हरकत नाही. हे सुख किती दिवस टिकेल ही धाकधूक जराही आवाज न वाढवता त्या सांगून जातात. रात्री सगळे झोपल्यावर कानात लावून ऐका, आणि मग मला सांगा.