सासर नसलेल्या लेकीची आखाजी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली, आता लिहितेय, कारण त्या दिवशी लिहिलं असतं तर नुसता राग निघाला असता. आपल्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासरहून पोरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी, सांजोऱ्या, घागर भरून तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवायचं, दुपारी आमरस नि पुरणपोळी. मला दिवाळीपेक्षा हा सण जास्त आवडतो. पण माझं लग्न झालेलं नाही, पस्तिशी ओलांडली, जळगावला नोकरी करते, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वन बीएचकेत राहते, आणि मग या सणात मी नेमकी कोण हे कोणालाच कळत नाही. माहेरवाशीण म्हणावं तर सासर कुठंय? मोठी माय खापरावर मांडा टाकता टाकता सगळ्यांसमोर विचारते, "आते कव्हय करशी वं माय लगीन?" तिच्या बोलण्यात टोमणा नसतो, खरीखुरी काळजी असते आणि तीच जड जाते. टोमणे मारणाऱ्याला तोंडावर बोलता येतं, लहानपणी जिच्या मांडीवर झोपले तिला काय बोलू?

मागे समाजाच्या वधू-वर सूचीसाठी फोटो काढला होता. स्टुडिओवाल्याने न विचारता रंग उजळ केला, हनुवटीवरचा तीळ पुसला, नाक पण जरा बारीक केलं. आईला फोटो फार आवडला. दादाची छोटी पोरगी तो हातात घेऊन म्हणे, "फुई, ही कोन शे?" सगळे हसले, मला रात्री झोप नाही लागली. कारण बायोडाटात पण तेच, वर्ण गोरा, वय एक वर्ष कमी, आवड स्वयंपाक. लोकांना पसंत पडावी म्हणून जी बाई तयार केली ती पसंत पडली जरी असती, तरी पुढे जन्मभर मी तिच्यासारखं वागत बसायचं का?

आणि हे फक्त पोरींचं नाही बरं. माझा चुलतभाऊ केळी करतो, ठिबकवर, घड असा काढतो की व्यापारी बांधावर येऊन माल बघून जातो, पण सूचीत 'शेती' दिसलं की लोक पान उलटतात. पुण्याहून एमपीएससी सोडून आलेली पोरं पारावर बसत नाहीत, कोणी विचारेल म्हणून. चांगली, कामाची पोरं, आणि मान खाली घालून चालतात, हे बघून खरंच जीव तुटतो.

आमच्या चाळीसगावला केकी मूस होऊन गेले. चित्रं, शिल्पं, ओरिगामी, टेबलटॉप फोटोग्राफीत तर जगभरची बक्षिसं, स्टेशनजवळच्या बंगल्यात वर्षानुवर्षं एकटे राहून काम केलं, 1989 ला गेले. पण कोणालाही विचारा, पहिली गोष्ट हीच सांगतात की त्यांची प्रेयसी पंजाब मेलने येणार होती ती आलीच नाही. असेलही खरं, मला वाद नाही घालायचा. पण एवढं काम समोर असताना माणूस एकटा का राहिला याचंच कारण आधी लागतं आपल्याला, आणि ते दुःखाचंच लागतं. माझ्याबद्दल पण गावात अशी एक गोष्ट फिरते म्हणे, कोणीतरी कॉलेजात फसवलं वगैरे. कोणी फसवलं नाही हो. मला माझं आयुष्य आवडतं. संध्याकाळी घरी येऊन खिचडी लावून खिडकीत बसणं आवडतं.

रील्समध्ये सांगतात तसं स्वतःला आहे तसं स्वीकारणं एका सकाळी ठरवून होत नाही पण. घरी ठीक असते, कोणाच्या हळदीला गेले की पुन्हा वाटायला लागतं आपलंच काहीतरी चुकतंय, मग परत स्वतःला समजवायचं, दर वेळी. थोडं थोडं सोपं होत जातं, इतकंच मी सांगू शकते.

लग्नाला माझा विरोध नाही. या वर्षी आईला स्पष्ट सांगितलं, नाव द्यायचं तर मी मोबाईलवर काढलेला फोटो द्यायचा, तिळासकट, वय खरं, नाहीतर नावच देऊ नको. आई बरेच दिवस धड बोलली नाही, मग एक दिवस म्हणाली, दे तुझा तो फोटो. दिला. आता सूची काढणाऱ्या मंडळींना हात जोडून एक विनंती, त्या फॉर्ममधला 'वर्ण' हा रकाना काढून टाका. पुढची सूची छापायच्या आधी एवढं तुमच्या हातात आहे.